वीराचें मर्मस्थान आणि अडगांवचें रणक्षेत्र

अजिंक्य वीराच्या देहावर एक तरी जागा अशी असावयाची कीं, तेथें घाव बसला असतां त्याचें सारें अजिंक्यत्व व्यर्थ व्हावें, ही कल्पना सर्व देशांच्या कथाकारांस सारखीच प्रिय झालेली दिसते. गांधारीच्या दृष्टिपातानें दुर्योधनाचा देह वज्राचा झाला, पण संकोचानें झांकलेली मांडी तेवढी कोमल राहिली, असें आमच्याकडील लोककथा सांगते. ग्रीकांच्या अकिलीझला टाच घातक ठरली. जर्मनांच्या सीगफ्रीडच्या पाठीवर लिंडन वृक्षाचें पान चिकटलें आणि तेवढीच जागा भाल्यास मोकळी राहिली. इराणी महाकाव्यांतील इस्फंदियाराचे डोळे तेवढे बाणास वश होते. हल्लींच्या मुलांचा आवडता जो अमेरिकन चित्रकथांतील सुपरमॅन, त्याच्याहि वाट्यास क्रिप्टोनाइट नांवाचा हिरवा दगड आलाच. या कथा ऐकतांना लहान मुलाच्या मनांत जो प्रश्न प्रथम उभा राहतो, तोच आम्हांस सर्वांत विचारणीय वाटतो. एवढा पराक्रमी पुरुष आपलें हें एक दुबळेपण घालवूं कां शकत नाहीं?

या प्रश्नाचें उत्तर शोधूं जातां प्रथम एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. वीर आधीं जन्मास येतो आणि त्याचें मर्मस्थान मागाहून. होमरच्या काव्यांत अकिलीझच्या टाचेची कथा मुळींच नाहीं. ती कित्येक शतकांनंतर रोमन कवींच्या काळांत प्रसृत झाली. गांधारीनें डोळ्यांवरची पट्टी सोडल्याची कथा व्यासांच्या भारतापेक्षां कथेकरी व नाटककारांच्या तोंडीं अधिक आढळते. भारतांत दुर्योधनाची मांडी फुटते ती भीमाच्या प्रतिज्ञेनें व मैत्रेयाच्या शापानें. सुपरमॅनचीहि तीच गत. तो १९३८ सालीं अवतरला, क्रिप्टोनाइट मात्र १९४३ सालीं नभोवाणीवरील कथामालेंत प्रथम आलें, आणि छापील चित्रकथेंत येण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. पुढें १९७१ सालीं त्याच्या लेखकांनीं जगांतील सर्व क्रिप्टोनाइट निर्वीर्य करून टाकलें. परंतु थोड्याच अवधींत तें पुन्हां परत आणावें लागलें. कारण उघड आहे. ज्याला कांहींच बाधत नाहीं त्याची कथा पुढें सरकत नाहीं. मर्मस्थान ही वीराची गरज नसून कथाकाराची गरज आहे.

कथाकारांपुरती ही गोष्ट असती तर तिचा एवढा ऊहापोह करण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु इतिहासकारहि याच मोहास बळी पडतात. एखादें राज्य बुडालें कीं, त्याच्या देहावरील ती एक कोमल जागा कोणती, याचा शोध सुरू होतो. आणि ती सांपडली म्हणजे वाचकाचें व लेखकाचें उभयतांचें समाधान होतें. मराठ्यांच्या सत्तेविषयीं तर अशीं एक सोडून तीन मर्मस्थानें सांगण्यांत येतात. कोणी म्हणतात, मराठ्यांपाशीं कवाइती पायदळ व तोफखाना नव्हता म्हणून ते हरले. दुसरे म्हणतात, त्यांनीं गनिमी कावा सोडून कवाइती पायदळाचा नाद धरला म्हणून ते हरले. हें मत सर टॉमस मन्रो व आर्थर वेलस्ली यांच्यासारख्या अनुभवी इंग्रजांचेंहि होतें. तिसरे म्हणतात, हें सर्व गौण, आपसांतील दुही हेंच एक खरें कारण. यांपैकीं पहिलीं दोन मतें परस्परांच्या अगदीं उलट आहेत, हें सांगावयास नकोच. एकच रोगी औषध न घेतल्यानें मेला आणि तेंच औषध घेतल्यानें मेला, असें दोन्ही वैद्यांचें म्हणणें एकाच वेळीं खरें असूं शकत नाहीं.

हा वाद केवळ ग्रंथांच्या पानांत न ठेवतां जमिनीवर उतरवून पाहण्यास आमचा वऱ्हाड प्रांत फार सोयीचा आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांत सातपुड्याच्या पायथ्याशीं जळगांव जामोद हें तालुक्याचें गांव आहे. १९०५ सालापर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यांतच मोडत असे. खानदेशांतील मोठ्या जळगांवाशीं घोटाळा होऊं नये म्हणून शेजारच्या जामोदचें नांव याला जोडण्यांत आलें. येथून डाव्या हातास सातपुड्याची रांग आणि उजव्या हातास पूर्णेचें काळ्या मातीचें खोरें ठेवून संग्रामपूर व तेल्हारा यांवरून पूर्वेकडे गेलें म्हणजे एक-दोन मजलांच्या अंतरावर अडगांव लागतें. इंग्रजी ग्रंथांत याच गांवाचें 'आरगॉम' झालेलें आहे. तेथें २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं नागपूरकर भोंसले व दौलतराव शिंदे यांच्या फौजांची आणि आर्थर वेलस्ली याच्या इंग्रजी फौजेची गांठ पडली. पुढें वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झालेला सेनापति तो हाच. या लढाईनंतर तीन आठवड्यांच्या आंत वऱ्हाडाचें भवितव्य ठरून गेलें.

परंतु अडगांवापर्यंत येण्यापूर्वीं चाळीस वर्षें मागें जाणें भाग आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जो संहार झाला, त्यांतून महादजी शिंदे हा तरुण पायास जबर जखम होऊन वांचला. राणेखान नांवाच्या भिस्त्यानें त्यास आपल्या बैलावर घालून सुरक्षित ठिकाणीं पोंचविलें, आणि महादजीनें त्यास जन्मभर भाऊ मानिलें. पायाचें व्यंग महादजीच्या देहांतून अखेरपर्यंत गेलें नाहीं. परंतु मराठी फौजेचें जें व्यंग त्याच्या अनुभवास आलें, तें घालविण्याचा त्यानें जसा निश्चयपूर्वक यत्न केला तसा दुसऱ्या कोणत्याहि मराठी सरदारानें केला नाहीं. मराठ्यांचा स्वार चपळ, काटक व शत्रूची रसद तोडण्यांत निष्णात होता; पण दाट रांगा करून उभ्या राहिलेल्या बंदुकवाल्या पायदळावर आणि त्यामागच्या तोफांवर त्याची मात्रा चालत नसे. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनीं काय केलें हें महादजीनें पाहिलें होतें. इंग्रजांशीं झालेल्या पहिल्या युद्धांत वडगांवास १७७९ सालीं शत्रूस कोंडून शरण आणण्याचें जुनें कसब यशस्वी झालें खरें. परंतु पुढच्याच वर्षीं पॉपम यानें ग्वाल्हेरचा दुर्गम किल्ला रात्रीं शिड्या लावून घेतला, तेव्हां दुसरी बाजूहि त्यास दिसून आली.

म्हणून १७८४ सालीं त्यानें सॅव्हॉय प्रांतांतील बेन्वा डी बॉइन यास चाकरीस ठेविलें आणि कवाइती पलटणी उभारण्यास आरंभ केला. दोन पलटणींपासून निघालेल्या या फौजेचे पुढें तीन कंपू झाले. आग्र्यास सँग्स्टर नांवाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखालीं तोफा ओतल्या जाऊं लागल्या. २० जून १७९० रोजीं पाटण येथें व १० सप्टेंबर १७९० रोजीं मेडत्यास या कंपूंनीं जे विजय मिळविले, त्यांत राठोडांसारख्या नामांकित स्वारांचे निकराचे हल्ले पायदळाच्या रांगांवर आपटून फुटले. तीस वर्षांपूर्वीं जें मर्मस्थान होतें, तेंच आतां कवच झालें होतें. येथें आमच्या मूळ प्रश्नाचें निम्में उत्तर मिळतें. वीराला आपलें दुबळेपण घालवितां येतें. महादजीनें तें घालविलें, आणि तेंहि एका पिढीच्या आंत.

यावर कोणी म्हणेल कीं, राजपुतांवर मिळालेल्या विजयांनीं काय सिद्ध होतें? खरी कसोटी इंग्रजांपुढें. ती कसोटीहि झाली. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें शिंद्यांच्या पलटणींनीं व गोलंदाजांनीं जो मारा केला, त्यांत वेलस्लीच्या लहानशा फौजेचे सुमारें सोळाशें लोक मेले किंवा जखमी झाले. तोफा शत्रूच्या हातीं गेल्यावर कित्येक गोलंदाज मेल्याचें सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी रांग पुढें गेल्यावर उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागूं लागले. पुढें वॉटर्लू जिंकलेल्या या सेनापतीनेंहि वृद्धपणीं आपल्या लढायांत असईसच अग्रस्थान दिलें, यावरून त्या कवाइती फौजेची किंमत कळते. रँडॉल्फ कूपर या लेखकानें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत मराठ्यांचा तोफखाना इंग्रजांच्या तोफखान्याहून कमी प्रतीचा नव्हता असें साधार दाखविलें आहे. तेव्हां मराठ्यांपाशीं कवाइती सैन्य नव्हतें हें मत तर टिकत नाहींच, आणि कवाईत त्यांस साधली नाहीं हेंहि टिकत नाहीं.

मग झालें काय? झालें तें असें कीं, जुनें मर्मस्थान झांकतांना नवें उत्पन्न झालें, आणि तें अशा ठिकाणीं झालें कीं जेथें रणांगणावरील माणसाची दृष्टि पोंचत नाहीं. कंपूंच्या खर्चासाठीं महादजीनें दुआबांतील मुलूख डी बॉइनच्या स्वाधीन केला होता. त्याचा वसूल, त्याचें ठाणें अलीगड, तोफांचे कारखाने आणि पलटणींचें आधिपत्य हीं सर्व एकाच परदेशी माणसाच्या हातीं आलीं. डी बॉइन इमानी होता. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस वारला, आणि डी बॉइनहि १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून युरोपास निघाला. त्याची जागा पेराँ या फ्रेंचास मिळाली. अंमलदारांची मोठी संख्या फ्रेंच, इंग्रज किंवा अर्धगोऱ्या लोकांची होती. १८०३ च्या ऑगस्टांत युद्ध जुंपतांच कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलनें जाहीरनामा काढून या अंमलदारांस चाकरी सोडण्याचें आवाहन केलें व त्यांच्या निर्वाहाची हमी घेतली. बरेच अंमलदार निघून गेले. ४ सप्टेंबर रोजीं अलीगड पडलें, आणि पेराँ स्वतः इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्याच्याबरोबर दुआबाचा वसूल गेला, दारूगोळा गेला, आणि ज्या मेंदूनें हे हातपाय हलत होते तोहि गेला.

येथें वाचकांच्या तोंडीं 'फितुरी' हा शब्द येईल. आमचे विद्यार्थी तर १८०३ चा पाठ निघाला कीं हाच एक शब्द लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण फितुरीनें हा प्रसंग उलगडत नाहीं. जो माणूस पगारासाठीं आला तो पगारासाठीं गेला. त्यांत त्याच्या स्वभावाविषयीं कांहीं कळतें, पण त्याच्यावर सर्व भार टाकणाऱ्या व्यवस्थेविषयीं त्याहून अधिक कळतें. शिवाय १ नोव्हेंबर १८०३ रोजीं अलवरनजीक लासवारीस काय घडलें हें फितुरी शब्दांत बसत नाहीं. तेथें परदेशी अंमलदार बहुतेक निघून गेलेले होते. पलटणी उरल्या होत्या त्या आपल्याच शिपायांच्या व सुभेदारांच्या. त्या मागें हटल्या नाहींत. गोलंदाज तोफांपाशीं संगिनीनें मारले जाईपर्यंत उभे राहिले, आणि लेकच्या फौजेचे सुमारें आठशें लोक पडले किंवा घायाळ झाले. फ्रेंच अंमलदार त्यांच्या शिरावर असते तर निकालाविषयीं शंका होती, असें खुद्द लेकनें कळविलें. शिपायानें परकी विद्या पूर्णपणें आपलीशी केली होती. सरदारानें ती केलेली नव्हती. पलटण रांगेंत कशी उभी करावी हें सुभेदारास ठाऊक होतें. पण तीन कंपू कोठें न्यावे, त्यांची दाणावैरण कशी लावावी, दोन फौजांचा मेळ कसा घालावा, हें शिकलेला एकहि मराठी माणूस तयार करण्यांत आला नव्हता.

आतां अडगांवाकडे वळूं. असईनंतर शिंद्यांच्या दक्षिणेंतील पलटणी मोडल्या होत्या. स्टीव्हन्सन यानें ऑक्टोबरांत बऱ्हाणपूर व अशीरगड घेतले. शिंद्यांनीं २३ नोव्हेंबरास वेलस्लीशीं तात्पुरता तह केला. त्यांत शिंद्यांची फौज एलिचपुराच्या पूर्वेस दूर जावी अशी अट होती. ती पाळली गेली नाहीं, आणि शिंद्यांचे स्वार भोंसल्यांच्या फौजेजवळच राहिले. भोंसल्यांच्या फौजेचें आधिपत्य रघूजी भोंसल्यांचे बंधु व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होतें. एक पक्ष तहांत, दुसरा लढाईंत आणि तिसरा, म्हणजे यशवंतराव होळकर, माळव्यांत बसून निकालाची वाट पाहत आहे, अशा स्थितींत २९ तारखेस दुपार कलल्यावर मराठी फौज अडगांवासमोर लांबच लांब पसरून उभी राहिली.

या लढाईंतील जो प्रसंग आमच्या प्रश्नास अत्यंत उपयोगी आहे, तो इंग्रजांच्या बाजूचा आहे. मराठ्यांच्या तोफा सुरू होतांच इंग्रजी तोफांचे बैल बुजून उधळले, आणि त्यांच्यामागें शिपायांच्या तीन पलटणी रांग मोडून पळत सुटल्या. याच पलटणींनीं दोन महिन्यांपूर्वीं असई येथें याहून कितीतरी भयंकर मारा सोसला होता. म्हणजे जे वीर काल अजिंक्य होते तेच आज एका गांवाच्या आडोशाला दडूं पाहत होते. कालच्या कवचांत आज छिद्र पडलें होतें. वेलस्ली जवळ होता. त्यानें त्या पलटणींस रागें भरण्यांत वेळ न दवडतां पुन्हां जमविलें, आडोशाआड फिरवून त्यांच्या रांगा लाविल्या आणि मग पुढें नेलें. आपण तेथें नसतों तर दिवस हातचा गेला असता, असें त्यानें मागाहून मोकळेपणीं लिहिलें आहे. त्यानंतर भोंसल्यांच्या पदरच्या अरब पायदळानें ७४ व ७८ या गोऱ्या पलटणींवर निकराचा हल्ला केला; त्यांतील शेंकडों लोक जागींच कापले गेले. सूर्यास्ताच्या सुमारास मराठी रांग मोडली, अडतीस तोफा शत्रूच्या हातीं पडल्या, आणि चांदण्यांत पाठलाग चालू राहिला. इंग्रजांची एकंदर हानि साडेतीनशेंच्या आसपास झाली.

यांतून आम्हांस जें दिसतें तें असें. इंग्रजी फौजेंत दुबळेपण नव्हतें म्हणून ती जिंकली, असें म्हणतां येत नाहीं. तें त्याच दिवशीं सर्वांच्या डोळ्यांदेखत प्रगट झालें. परंतु ती फौज अशी रचलेली होती कीं, एक भाग ढांसळला असतां तो सांवरण्यास दुसरा भाग उभा होता, ढांसळलेल्यांस पुन्हां उभें करण्याची रीत ठरलेली होती, आणि हुकूम कोणाचा मानावयाचा याविषयीं कोणाच्या मनांत संशय नव्हता. मराठ्यांच्या बाजूस धैर्य कमी नव्हतें. परंतु अरबांचा हल्ला फसल्यावर त्यांच्या मदतीस जावयाचें कोणीं, शिंद्यांच्या स्वारांनीं कीं भोंसल्यांच्या, हें ठरविणारा कोणी नव्हता. मर्मस्थान दोघांनाहि होतें. एकानें त्याची तरतूद करून ठेविली होती, दुसऱ्यानें तें नाहींच असें धरून चालला होता.

पुढील पंधरवड्यांत याच गोष्टीचें दुसरें उदाहरण घडलें. गाविलगडाच्या तिन्ही बाजूंस तुटलेले कडे आहेत. उत्तरेकडून तेवढा डोंगराचा सांधा असून तेथून शत्रूस चाल करतां येते. ही कोमल जागा किल्ला बांधणारांस ठाऊक होती, म्हणून त्या बाजूस बाहेरचा दुसरा कोट घातलेला होता. स्टीव्हन्सनच्या लोकांनीं डोंगरांतून वाटा फोडून तोफा ओढून नेल्या त्या नेमक्या त्याच बाजूस. १५ डिसेंबर रोजीं बाहेरच्या कोटास खिंडार पडलें. आंतला कोट अभंग होता. पण त्याच्या भिंतीस शिड्या लावून कांहीं लोक वर चढले आणि त्यांनीं आंतून दरवाजा उघडला. किल्ल्यावरील सरदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. दुबळ्या जागेवर दुसरी भिंत बांधली म्हणजे दुबळेपण गेलें, अशी समजूत करून घेणें किती फसवें आहे, याची गाविलगडइतकी बोलकी साक्ष वऱ्हाडांत दुसरी नाहीं. दोन दिवसांनीं, १७ डिसेंबरास, देवगांव येथें भोंसल्यांनीं तहावर सही केली. वर्धा नदीच्या पश्चिमेचा सर्व वऱ्हाड त्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांच्या लगतचा चार लाखांचा मुलूख तेवढा राहिला. शिंद्यांचा तह सुर्जी अंजनगांवास ३० डिसेंबर रोजीं झाला. जळगांव जामोदसारख्या गांवांच्या पाटील-देशमुखांनीं भोंसले व निजाम यांचा दुअंमल पिढ्यान्‌पिढ्या सोसला होता. आतां एका धन्याचा अंमल आला, आणि १८५३ सालीं तोहि जाऊन इंग्रजांचा आला.

गनिमी कावा सोडला हेंच चुकलें, असें म्हणणारांस इतिहासानें उत्तर देण्याची संधि ताबडतोब दिली. १८०४ सालीं यशवंतराव होळकरानें एकट्यानें इंग्रजांशीं युद्ध मांडलें. शिंद्यांच्या पदरचे परदेशी अंमलदार कसे गेले हें त्यानें पाहिलें होतें. आपल्या पदरच्या तीन इंग्रज अंमलदारांचा त्यास संशय आला तेव्हां त्यानें त्यांचा शिरच्छेदच करविला. नवें मर्मस्थान त्यानें असें तरवारीनें कापून काढलें, आणि जुन्या स्वारीपद्धतीनें मॉन्सनच्या फौजेचा मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत पाठलाग करून तिची दुर्दशा उडविली. पण १३ नोव्हेंबरास डीग येथें त्याचें पायदळ व तोफा मोडल्या, आणि चारच दिवसांनीं लेकनें अतिशय लांबची रात्रमजल मारून फरुखाबादेस त्याच्या स्वारांस निजलेले असतांनाच गांठलें. ज्या चपळाईवर मराठ्यांची मिरास होती, ती शत्रूनेंहि शिकून घेतली होती. शिवाजीमहाराजांच्या काळीं स्वाराच्या पाठीशीं किल्ला, कोठार व रयत उभी होती. यशवंतरावाच्या पाठीशीं लुटीवांचून दुसरा खजिना नव्हता. म्हणजे जुन्या शस्त्राकडे परत जाण्यानेंहि प्रश्न सुटला नाहीं. यशवंतराव अखेरच्या वर्षांत भानपुऱ्यास तोफा ओतण्यांत रात्रंदिवस गढून गेला आणि १८११ सालीं भ्रमिष्ट स्थितींत वारला, ही गोष्ट या दृष्टीनें वाचली असतां मन विषण्ण होतें. वीराला आपलें मर्म कळलें होतें. वेळ उरला नव्हता.

मग मर्मस्थान समूळ घालविल्याचें उदाहरण इतिहासांत नाहींच काय? आहे. रशियाच्या पीटर बादशहाची फौज १७०० सालीं नार्वा येथें स्वीडनच्या लहानशा सैन्यापुढें मोडली. त्याचाहि सेनापति परदेशी होता आणि तोहि शत्रूच्या स्वाधीन झाला. प्रसंग हुबेहुब आमच्यासारखा. परंतु पीटरनें पुढें जें केलें तें निराळें होतें. देवळांच्या घंटा वितळवून त्यानें तोफा ओतविल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. १७०१ सालीं मॉस्कोस गणित व नौकानयन यांची शाळा काढली, उरल पर्वतांत लोखंडाचे कारखाने घातले, आणि सरदारांच्या मुलांस खालच्या पायरीपासून चाकरी करावयास लाविलें. तो स्वतःहि साध्या गोलंदाजाच्या दर्जापासून वर चढला. परदेशी माणसें त्यानें काढून टाकलीं नाहींत. त्यांच्याशेजारीं आपलीं माणसें उभीं केलीं. १७०९ सालीं पोल्टाव्हा येथें तोच स्वीडन त्याच रशियापुढें धुळीस मिळाला.

महादजीस हें कां करतां आलें नाहीं? वेळ मिळाला नाहीं हें एक कारण खरेंच. परंतु खोल कारण निराळें आहे. मराठ्यांचा शिलेदार हा आपल्या घोड्याचा व आपल्या मर्जीचा धनी होता. त्याचा घोडा, त्याचें वतन, त्याचा मान, आणि नको तेव्हां छावणी सोडून घरीं जाण्याची त्याची मुभा, यांतूनच त्याचा पराक्रम जन्मास आला होता. अशा माणसानें पायउतार होऊन रांगेंत उभें रहावें, दुसऱ्याच्या शब्दावर बंदूक भरावी व दुसऱ्याच्या शब्दावर झाडावी, हें त्यास कमीपणाचें वाटे. म्हणून कंपूंतील शिपाई बहुतेक हिंदुस्थानांतले भरावे लागले आणि अंमलदार परदेशांतले. दुहीचें मूळहि तेथेंच आहे. जो सरदार पुण्याचा हुकूम न घेतां अटकेपर्यंत दौड मारूं शकत होता, तोच सरदार पुण्याचा हुकूम न मानतां १७९३ सालीं लाखेरीस व १८०२ सालीं हडपसरास आपल्याच भावांवर तोफा डागूं शकला. त्याचें बळ आणि त्याचें दुबळेपण या दोन निराळ्या वस्तु नव्हत्या.

येथें आमच्या प्रश्नाचें उरलेलें निम्में उत्तर आहे. कथेंतील मर्मस्थान देहावर बाहेरून लागलेलें असतें. शापानें, पानानें, झांकल्या राहिलेल्या वस्त्रानें. म्हणून तें तेवढेंच धुवून काढावें असें आपणांस वाटतें. इतिहासांतील मर्मस्थान बळाच्याच मुळांत असतें. तें उपटावयाचें तर बळाचीं कांहीं प्रिय मुळेंहि उपटावीं लागतात. पीटरनें तें केलें. त्यापायीं जुन्या सरदारांचा मान गेला, जुनी स्ट्रेल्टसी फौज रक्तांत बुडाली, रयतेवर असह्य बोजा पडला, आणि जो रशिया पोल्टाव्हास जिंकला तो नार्वाचा रशिया राहिला नव्हता. वीर आपल्या दुबळेपणाच्या पलीकडे जाऊं शकतो. परंतु पलीकडे जो पोंचतो तो पूर्वींचाच वीर नसतो. ही किंमत देण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें गाविलगडासारखी बाहेरून दुसरी भिंत बांधावी, आणि ती किती दिवस टिकते याची वाट पहावी.

आम्हांस या विवेचनाचा विशेष आग्रह वाटतो तो एका कारणासाठीं. पराभवाचें एकच कारण सांगणें ही वरवर पाहतां आत्मपरीक्षणाची खूण वाटते. वस्तुतः ती आत्मपरीक्षण टाळण्याची युक्ति आहे. पेराँ फितूर झाला, होळकर आला नाहीं, कावा सोडला, असें एक वाक्य लिहिलें म्हणजे बाकीचा सर्व देह वज्राचा होता अशी मनाची समजूत पटते. लासवारीचे शिपाई व असईचे गोलंदाज यांच्यावर या समजुतीनें अन्याय होतो, कारण त्यांनीं आपलें शिक्षण पुरें केलें होतें. आणि ज्यांनीं तें केलें नाहीं ते सरदार, मुत्सद्दी व खजिनदार या समजुतीआड सुरक्षित राहतात. राष्ट्र असो, संस्था असो वा एखादें साधें घराणें असो, उसन्या बळावर उभें राहिलेलें वैभव पाहिलें म्हणजे हा एकच प्रश्न विचारावा: देणारा उद्यां निघून गेला तर यांतलें काय मागें राहील? महादजीच्या हयातींत हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. त्याचें उत्तर नऊ वर्षांनीं अडगांवच्या शेतांत मिळालें.